काटा हलेपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिरलं की आधी वास येतो. तापलेल्या लोखंडाचा, लेथवर ओघळणाऱ्या कूलंटचा आणि कुठल्या तरी फाउंड्रीतल्या जळक्या वाळूचा. मग आवाज सुरू होतात. डावीकडे ग्राइंडर किंचाळतो, उजवीकडे पत्र्यावर हातोडा पडतो. कास्टिंगांनी भरलेली हातगाडी ढकलत दोघं जण समोरून येतात. त्यांना वाट द्यायला भिंतीला चिकटावं लागतं. मे महिना आहे. साडेदहाच वाजलेत, पण शेडांचे पत्रे आताच तडतडू लागलेत.

गल्लीच्या शेवटी गॅरेज. बाहेर ओळीनं जुन्या बुलेट, सगळ्या लोखंडी बॅरलच्या. एका येझदीची टाकी उतरवलेली. आत, लोखंडी चौथऱ्यावर, खिडकीच्या उजेडात ती उभी आहे. १९७० ची ट्रायम्फ बॉनव्हिल. इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडनच्या कारखान्यात बनलेली, ६४९ सीसीची, शेजारी शेजारी दोन सिलिंडर. उजव्या अंगाला टायमिंगचं तिकोनी कव्हर आरशासारखं चमकतंय.

मिस्त्री तिच्यापुढे उकिडवे बसलेत. साठी उलटलेली. चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. मालक सांगलीचे डॉक्टर आहेत. ते स्टुलावर बसून हातातला ऑइल प्रेशरचा गेज उलटसुलट करतायत.

गेज छोटासाच. तबकडीवर दोन पट्ट्या: आत किलो, बाहेर पीएसआय. ७ किलोच्या रेघेसमोर साधारण १०० पीएसआय. काचेमागे ग्लिसरिन भरलेलं, त्यात हवेचा एक बुडबुडा. डॉक्टर गेज तिरका करतात. बुडबुडा सरकतो.

“दिवा आहे की हो गाडीला,” शेजारच्या बुलेटचा मालक म्हणतो. तरुण आहे. त्याच्या गाडीचं क्लच प्लेटचं काम अडलंय, म्हणून तोही बसलाय.

“दिवा लई उशिरा बोलतो,” मिस्त्री मान वर न करता म्हणतात.

त्यांचं बोट टायमिंग कव्हरच्या पुढच्या कडेला खाली जातं. तिथं ऑइल प्रेशरचा स्विच आहे, एका वायरचा. इंजिन बंद असताना तो हेडलॅम्पवरचा दिवा पेटवतो, दाब आला की विझवतो. पण हे होतं ७ पीएसआयच्या आसपास. इंजिन गरम असताना, गाडी रस्त्यावर पळताना, कारखान्याच्या पुस्तकात दाब दिलाय ६५ ते ८०. आयडलिंगला २० ते २५. म्हणजे पासष्टवरून दाब घसरत घसरत आठवर आला तरी दिवा विझलेलाच. आणि या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला बॉल नाहीत, रोलर नाहीत. नुसते शेल आहेत, पातळ वाट्या. क्रँक आणि शेल यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा आहे तोवर धातूला धातू लागत नाही. तो तुटला की शेल खरवडायला वेळ लागत नाही.

म्हणूनच मला या गेजचं काम शोभेचं वाटत नाही. जुन्या गाडीला नवं काही लावायचं म्हटलं की अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण १९३७ ची ट्रायम्फ स्पीड ट्विन पाहिली तर तिच्या टाकीवरच्या काळ्या पॅनेलमध्ये ऑइल गेज कारखान्यातूनच बसवलेला असे, अँपिअर मीटरच्या शेजारी. १९४९ च्या मॉडेलांपासून हेडलॅम्पभोवती पत्र्याचं मोठं आवरण आलं, टाकीवरचं पॅनेल गेलं, आणि त्याच्याबरोबर गेजही गेला. पुढं काही वर्षं दाब आला की बाहेर डोकावणारं एक बटण होतं. त्यानंतर हा दिवा.

मिस्त्री स्विच सोडवतात. पाना हळू फिरतो. थोडं तेल कव्हरवरून ओघळतं. हाताखालचं पोरगं चिंधी पुढं करतं. उजेडाला धरून मिस्त्री स्विचचे आटे बघतात, मग गेजचे. दोन्ही दिसायला सारखेच. तरुण गेज मागून घेतो आणि भोकाला लावून बघायला वाकतो.

“थांब भावा. आटं धरत्यात म्हणून आवळायचं नसतं.”

आटेमापीची पात्यांची जुडी निघते. गेजचे आटे बीएसपी, इंचात २८. स्विचचे एनपीटी, इंचात २७, आणि निमुळते. इंचाला एका आट्याचा फरक, कोनातही फरक: एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. एक दुसऱ्यात दोन-तीन वेढे बिनतक्रार जातो. मग घट्ट होतो, आणि लावणाऱ्याला वाटतं बसला. तिथं आणखी जोर लावला की अॅल्युमिनियमच्या कव्हरला केसाएवढी चीर जाते. जुन्या कव्हरांच्या वेल्डिंगची खूण बऱ्याचदा नेमकी याच जागी दिसते.

“नवीन भोक पाडून आटे मारले तर?” डॉक्टर विचारतात.

“कव्हरला हात लावायचा न्हाई. सगळं जोडकामात करायचं. उद्या गेज काढला तर गाडी हाय तशी दिसाय पायजे.”

हे ऐकून मला फार बरं वाटतं. गाडी पन्नासहून अधिक वर्षांची आहे आणि कव्हरला अजून एकही चीर नाही. ते तसंच राहायला हवं.

पोरगं स्विच आणि गेज फडक्यात गुंडाळून निघतं. मीही त्याच्यामागून जातो. दोन गल्ल्या पलीकडे लेथ आहे. तिथं रांग. उसाच्या चरकाचा शाफ्ट घेऊन एक जण उभा आहे. पाण्याच्या पंपाचं बुश घेऊन दुसरा. ट्रॅक्टरची पिन, रिक्षाचा हब. प्रत्येकाचं काम आजच हवंय. लेथवाला कुणाकडे बघत नाही. त्याची नजर टूलच्या टोकावर. चक फिरतोय, पोलादाची निळी शेव वेटोळी होऊन खाली पडतेय. पंखा आहे, पण तो फक्त गरम हवा इकडून तिकडे ढकलतो. शर्ट पाठीला चिकटतो. कटिंग चहा येतो, संपतो, पुन्हा येतो. या नगरातल्या कितीतरी शेडांनी शेतावरच्या ऑइल इंजिनांचे भाग बनवण्यात उमर घालवली. त्या सवयीचे हात आहेत हे. नकाशा लागत नाही, नमुना लागतो.

शाफ्ट होतो. बुश होतं. मग आपला नंबर.

लेथवाला स्विच हातात घेतो, आट्यांवरून नख फिरवतो. “निमुळता हाय,” तो म्हणतो. सहापैलू पितळी गजाचा तुकडा चकात जातो. पितळ कापलं जाताना आवाज कोरडा येतो, बारीक सोनेरी चुरा उडतो. एका टोकाला एनपीटी, दुसऱ्या टोकाला नळी बसेल असा बीएसपी. मधून भोक.

“भोक एक मिलिमीटरच ठेवायला सांगितलंय,” पोरगं बजावून सांगतं.

यामागं दोन कारणं आहेत. ट्रायम्फचा पंप गिअरचा नाही, दट्ट्यांचा आहे. तेल एकसंध धारेनं न जाता ठोक्याठोक्यानं जातं. भोक मोठं असलं तर प्रत्येक ठोका गेजपर्यंत पोचतो आणि काटा थरथरत राहतो. बारीक भोकात ठोके मंदावतात, उरलेली थरथर ग्लिसरिन शोषून घेतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: चालत्या गाडीत नळी फुटलीच, तर एक मिलिमीटरमधून तेल झिरपेल. मोठ्या भोकातून टाकी रिकामी व्हायला वेळ लागणार नाही, आणि ते तेल मागच्या टायरवर जाईल.

पैसे देऊन आम्ही परततो. ऊन डोक्यावर आलंय. रस्त्यावरच्या डांबराला चप्पल चिकटते.

गॅरेजात मिस्त्रींनी तोवर ब्रॅकेट करून ठेवलंय. हँडलच्या क्लॅम्पला धरणारी पत्र्याची पट्टी, मध्ये रबर. डॉक्टरांनी तांब्याची चकचकीत नळी आणली होती. ती बाजूला पडलीय. दिसायला ती छानच आहे, जमान्यालाही शोभणारी. पण या इंजिनाचे दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जातात, एकाच वेळी खाली येतात. कंप मोठा. आणि तांबं कंपानं कडक होत जातं, मग एके दिवशी जोडाच्या तोंडाशी तुटतं. मिस्त्री जाळीची रबरी नळी घेतात. एक्झॉस्ट पाइप कव्हरच्या अगदी जवळून जातो, म्हणून नळी आधी मागं, मग फ्रेमच्या नळकांड्याला धरून वर. जागोजागी पट्टे. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघतात. नळी कुठे ताणत नाही.

टी-जोड इंजिनावर बसवत नाहीत. तिथं तो लोंबकळून कंपानं कव्हरचे आटे खाईल. फ्रेमला क्लॅम्प करतात. एका फाट्याला गेज, दुसऱ्याला जुना स्विच. दिवा काढायचा नाही, हे ठरलेलंच आहे.

पोरगं पांढरी टेफ्लॉन टेप पुढं करतं. मिस्त्री मान हलवतात. टेपचा सुटलेला धागा तेलाच्या वाटेत गेला तर कुठे जाऊन अडकेल सांगता येत नाही. शिवाय स्विचला अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळतं. या गाडीला बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला. मधे टेप आली किंवा टी-जोड नुसताच रबरी नळीवर लोंबत राहिला, तर सर्किट तुटतं. मग दिवा कधीच पेटत नाही, आणि चालवणारा समजतो सगळं ठीक आहे. मिस्त्री आट्यांना सीलंटचा पुसट हात लावतात, पहिला आटा कोरडा सोडून. क्लॅम्पखालचा फ्रेमचा रंग कानशीनं थोडा घासतात. चावी फिरवतात. दिवा पेटतो.

आता दोन्ही स्पार्क प्लग बाहेर. पोरगं किक मारू लागतं. प्लग नसल्यानं किक हलकी आहे. इंजिन फक्त फुसफुसतं. सगळे गेजकडे बघतायत. काटा शून्यावर. पोरगं मारत राहतं. कपाळावरचा घाम टाकीवर पडतो, डॉक्टर चटकन पुसतात. काटा शून्यावरच. नळीत हवा आहे. मिस्त्री गेजजवळची जोडणी अर्धा वेढा सैल करतात. किक, किक, किक. बुडबुडे येतात, मग तेलाचा एक थेंब. जोडणी घट्ट. आणखी किक. काटा जागचा किंचित उचलतो, पडतो, पुन्हा उचलतो.

“आलं,” तरुण म्हणतो. क्लच प्लेट तो विसरलाय.

या काचेमागे फार काही नाही. चपटी, वाकवलेली एक नळी. आत दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि आपल्याबरोबर काटा ओढते. बूरदाँ नावाच्या फ्रेंच माणसानं १८४९ साली तिचं पेटंट घेतलं. तेव्हा ती वाफेच्या इंजिनांसाठी होती.

प्लग बसतात. मिस्त्री स्वतः किक मारतात. दुसऱ्या किकला इंजिन पेटतं आणि शेडचे पत्रे थरथरतात. काटा उसळून ८० च्या पुढे जातो. डॉक्टरांचा चेहरा उजळतो. मिस्त्रींचा नाही. तेल थंड असताना घट्ट असतं, तेव्हा दाब दिसणारच.

खरं वाचन तापलेल्या तेलावर. त्यासाठी गाडी पळवायला हवी. डॉक्टर हेल्मेट घालतात. मी तरुणाच्या बुलेटवर मागं बसतो. पंचगंगेवरचा शिवाजी पूल, पुढं रत्नागिरी रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस. केर्ली मागं पडते. उजवीकडे जोतिबाचा डोंगर उन्हात धूसर. वाघबीळच्या चढाला डॉक्टर गिअर उतरवतात, इंजिनाचा आवाज जाड होतो. आमची बुलेट मागं पडते. वर फाट्यावर ते थांबतात. काटा पळताना ६० ला होता, ते सांगतात. आम्ही वळतो.

गॅरेजसमोर गाडी उभी राहते. कुणी इंजिन बंद करत नाही. गरम तेलाचा वास. एक्झॉस्टवरची हवा हलताना दिसते. आयडलिंग संथ, ठोके मोजता येतील इतकं. मिस्त्री चष्मा चढवून वाकतात.

१४.

दिवा विझलेलाच आहे.

पहिला संशय गेजवर. मिस्त्री कपाटातून दुसरा गेज काढतात, मोठा, ट्रकच्या कामाचा. इंजिन बंद, गेज बदलला, पुन्हा चालू. १५. म्हणजे गेज खरं सांगतोय. मग तेल. ते टाकीचं झाकण काढून हुंगतात, बोटावर चोळतात. पेट्रोल मिसळलेलं नाही. रिलीफ व्हॉल्व्हवरही त्यांचा रोख नाही. तो जास्तीचा दाब सोडण्यासाठी असतो, अडकून उघडा राहिला असता तर पळतानाही ६० दिसले नसते. तेल पोचतंय, पण कुठून तरी निसटतंय.

“क्रँकच्या नाकावरचा सील,” मिस्त्री म्हणतात. टायमिंग कव्हरमध्ये ओठाचा एक सील असतो. पंपाचं तेल त्याच्यातून क्रँकच्या पोकळ टोकात शिरतं. कव्हर घाईत बसवलं की ओठ दुमडतो, आणि शेलपर्यंत जायचं तेल वाटेतच गळून खाली पडतं. तसं नसेल तर शेल झिजलेत.

“गाडी आज नेऊ ना?” डॉक्टर विचारतात.

“न्या की डॉक्टर. पर टेम्पोतनं न्या.”

डॉक्टर हसत नाहीत. ते गेजकडे बघतात, मग घड्याळाकडे, आणि गाडी इथंच ठेवायचं ठरवतात. इंजिन निवायला तासभर जाईल. मिस्त्री ट्रे कव्हरखाली सरकवतात, पोराला स्क्रू ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं पुठ्ठ्यात खोचायला सांगतात. नवा सील मागवायचा. बसवून पुन्हा वाघबीळपर्यंत जायचं. तरीही काटा विशीच्या खालीच राहिला तर क्रँककेस उघडायचं. त्याला डॉक्टरांनी आताच होकार दिलाय.