काळ्या खोक्यातला संगणक

चिप बसवलेला गेम कन्सोल म्हटलं की आपल्याकडे पुष्कळांना फुटपाथवर प्लास्टिकच्या पाकिटात मिळणारी, मार्करनं नाव लिहिलेली डिस्क आठवते. त्यात खोटं काही नाही. चिप बसवून घेणाऱ्या बहुतेकांना गेम फुकटात खेळायचे होते. पण कन्सोलमधली ही कारागिरी निव्वळ चोरीसाठी असती, तर ज्या यंत्रासाठी नवे गेम निघणं केव्हाच बंद झालं, ते उघडून आज कुणी सोल्डरिंग करत बसलं नसतं. या मंडळींना त्यातून काय मिळतं, हे समजून घ्यायला मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

हा कन्सोल १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत २९९ डॉलरना विक्रीला आला. (भारतात मायक्रोसॉफ्ट अधिकृतपणे उतरली ती पुढच्या एक्सबॉक्स ३६० पासून, २००६ मध्ये.) काळं, अवजड झाकण उघडलं की आत सगळी ओळखीची मंडळी: पेंटियम-३ च्या घराण्यातला ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप, ६४ एमबी रॅम, ८ किंवा १० जीबीची हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, नेटवर्क केबलची जागा. कंट्रोलर जोडायची चार तोंडंसुद्धा मुळात यूएसबीच, फक्त आकार बदललेला. थोडक्यात, त्या काळातला चांगला पीसी. पण हा पीसी मालकाचं ऐकत नसे. मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असलेला प्रोग्रामच तो चालवी. यामागे धंद्याचं गणित होतं. यंत्र तोट्यात विकायचं आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे प्रकाशकाकडून पैसे घ्यायचे. वाटेल तो प्रोग्राम चालू दिला, तर लोक स्वस्तातला संगणक म्हणून खोकं घरी नेतील आणि गेम एकही घेणार नाहीत.

कुलूप बसवताना कंपनीनं डोकं चालवलं होतं. यंत्र सुरू होताना चालणारा अगदी पहिला कोड तिनं साउथब्रिज नावाच्या चिपच्या पोटात, अवघ्या ५१२ बाइटमध्ये दडवला. बाहेरच्या फ्लॅश चिपमध्येही सुरुवातीचा कोड दिसे, पण तो चकवा होता. अँड्र्यू ‘बनी’ हुआंग तेव्हा एमआयटीत पीएचडी संपवत होता. त्याच्या लक्षात आलं की दडवलेला कोड प्रोसेसरकडे निघाला की मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषांवरून उघडाच जातो. त्या रेषांवरचा वेग इतका की तो टिपायची साधनं सामान्य माणसाकडे नसणार, असा कंपनीचा हिशेब. हुआंगनं त्यासाठी स्वतःच एक सर्किट बोर्ड तयार केला, त्या रेषांना जोडला आणि जाणारे बाइट टिपून घेतले. गुप्त किल्ली त्यांतच होती. मे २००२ मध्ये त्यानं हे सगळं लिहून जाहीर केलं. पुढच्या वर्षी ‘हॅकिंग द एक्सबॉक्स’ हे त्याचं पुस्तक निघालं, तेही आधीच्या प्रकाशकानं कायद्याच्या धास्तीनं अंग काढून घेतल्यावर.

गंमत म्हणजे इतका खटाटोप न करताही आत शिरायच्या वाटा निघाल्या. कारखान्यातल्या चाचणीसाठी बोर्डावर एक सोय ठेवलेली होती: ‘डी-झिरो’ हा एक बिंदू ग्राउंडला जोडला की आतली फ्लॅश रिकामी आहे असं यंत्राला वाटतं आणि ते बाहेरून जोडलेल्या चिपवरचा प्रोग्राम घेऊन सुरू होतं. मॉडचिपचा सारा धंदा या एका बिंदूवर उभा राहिला. दुसरी वाट आणखी स्वस्तातली. ‘मेकअसॉल्ट’, ‘स्प्लिंटर सेल’ आणि ‘००७: एजंट अंडर फायर’ या गेमच्या सेव्ह फाइल वाचणाऱ्या कोडमध्ये चुका होत्या. मुद्दाम बिघडवलेली सेव्ह फाइल मेमरी कार्डावरून घालून गेम लोड केला की गेम गडबडतो आणि त्या फाइलमध्ये दडवलेला प्रोग्राम चालू लागतो. गेमवर कंपनीची सही असल्यामुळे दारावर कुणी अडवत नाही. नंतर हा शिरकाव कायमचा करायला मुख्य मेनूच्या फॉन्ट फाइल कामी आल्या. तो मेनू आपल्या बाकी फाइल तपासून घेई, फॉन्ट मात्र न तपासता उघडी. स्क्रूड्रायव्हर हातात न धरता होणाऱ्या या प्रकाराला सॉफ्टमॉड म्हणतात.

दार उघडल्यावर लोकांनी आधी लिनक्स चालवून पाहिलं. पण खरा चमत्कार घडला तो सिनेमा बघण्याच्या बाबतीत. टीव्हीला जोडलेलं, रिमोटवर चालणारं, घरातल्या संगणकावरचे सिनेमे नि गाणी नेटवर्कवरून वाजवणारं उपकरण तेव्हा बाजारात जवळपास नव्हतंच. काही हौशी प्रोग्रामरांनी ते एक्सबॉक्सवर करून दाखवलं. एक्सबॉक्स मीडिया सेंटर, म्हणजे एक्सबीएमसी, २००४ मध्ये पहिल्या पक्क्या आवृत्तीपर्यंत पोचलं. त्यातली कायदेशीर पंचाईत मजेशीर होती. कोड खुला, पण तो तयार करायला लागणारी साधनं मायक्रोसॉफ्टची. त्यामुळे प्रकल्पाला फक्त मूळ कोड देता येई आणि तयार प्रोग्राम परस्पर इकडून तिकडे फिरे. पुढे हा प्रोग्राम इतर संगणकांवर गेला. २०१४ मध्ये त्याचं नाव ‘कोडी’ झालं, आणि त्याच्याच एका शाखेतून ‘प्लेक्स’ निघालं. आज ज्यांच्या टीव्हीवर कोडी चालतं, त्यांतल्या किती जणांना त्याचं जन्मस्थान ठाऊक असेल?

माझ्या मते मात्र मोडिंगचा, म्हणजे यंत्र असं बदलून घेण्याचा, सर्वांत सबळ मुद्दा मनोरंजनाचा नाही, दुरुस्तीचा आहे. एक्सबॉक्सची हार्ड डिस्क पासवर्डनं बंद असते, आणि तो पासवर्ड मदरबोर्डवरच्या एका छोट्या ईप्रॉम चिपमधल्या किल्लीवरून ठरतो. म्हणजे ही डिस्क याच बोर्डाची. वीस वर्षं फिरलेली डिस्क कधीतरी बसणारच, आणि बसली की दुकानातून दुसरी आणून लावता येत नाही. मूळ यंत्र ती नाकारतं. डीव्हीडी ड्राइव्हचंही तेच, पीसीचा साधा ड्राइव्ह चालत नाही. मोड केलेल्या यंत्रात नवी मोठी डिस्क लावता येते, स्वतःच्या डिस्कवरचे गेम तिच्यावर उतरवून घेता येतात आणि थकलेल्या ड्राइव्हला सुट्टी देता येते. सुरुवातीच्या बोर्डांवर तर रॅमच्या आणखी चार चिपसाठी रिकाम्या जागाच सोडलेल्या आहेत. विकसकांच्या यंत्रांत १२८ एमबी रॅम असे, आणि हौशी लोक त्या जागा भरून तितकी करून घेतात. एचडीएमआय बसवणारेही आहेत. ती चैन झाली.

नेटवर्कची कथा वेगळीच उलटी झाली. एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन खेळण्याची सेवा नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू झाली आणि मोड केलेलं यंत्र पकडलं गेलं की तिथून त्याची हकालपट्टी होई. १५ एप्रिल २०१० ला मायक्रोसॉफ्टनं पहिल्या एक्सबॉक्ससाठी ती सेवाच बंद केली. ‘हेलो २’ च्या मूठभर खेळाडूंनी यंत्रं बंदच केली नाहीत, म्हणून त्यांचा खेळ मे महिन्यापर्यंत रेटत राहिला. मग पूर्ण शांतता. आता ‘इन्सिग्निया’ नावाच्या स्वयंसेवी प्रकल्पानं त्या सर्व्हरची जागा घेणारी सेवा उभी केली आहे आणि जुने गेम पुन्हा ऑनलाइन खेळले जातात. एके काळी ज्या हौशी गोटाला बाहेर काढलं, त्यानंच नंतर दिवे पुन्हा पेटवले.

कायद्याचं काय? भारतात २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. तांत्रिक कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण हक्काचं उल्लंघन करण्याच्या हेतूनं तोडलं असेल तर. हेतू हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडायलाच मुळात बंदी, सवलती नंतर एकेक करून मागाव्या लागतात. कन्सोलच्या डिस्क ड्राइव्हची दुरुस्ती करण्यापुरती सूट तिथे मिळाली ती थेट २०२१ मध्ये. या बाबतीत आपला कायदा मला अधिक समंजस वाटतो. अर्थात, न विकत घेतलेले गेम डिस्कवर भरणाऱ्याला दोन्हीकडे सुटका नाही.

कुणाच्या माळ्यावर परदेशातून आलेला असा कन्सोल पडलेला असेल, तर तो वापरात नसला तरी आधी उघडावा. घड्याळ चालू ठेवणारा आतला कपॅसिटर बहुतेक आवृत्त्यांत गळतो आणि त्यातलं रसायन बोर्डावरच्या रेषा खात जातं. न वापरलेल्या, खोक्यातच राहिलेल्या यंत्रांतही. तो काढून टाकला तर नुकसान एवढंच की प्लग काढल्यावर तारीख-वेळ पुसली जाते. शेवटच्या १.६ आवृत्तीतला कपॅसिटर मात्र वेगळा असतो, तो काढायचा नाही. यंत्र सुरू होत असेल तर सॉफ्टमॉड करून सर्वांत आधी ईप्रॉमची प्रत घ्यावी. फाइल फक्त २५६ बाइटची, पण हार्ड डिस्कची किल्ली तिच्यात आहे. ती दोन-तीन ठिकाणी ठेवावी. बाकीचे प्रयोग त्यानंतर.