ताळ्याचा दुसरा तुकडा

लंडनच्या पूर्वभागात, टेम्स नदीलगत, रॉयल व्हिक्टोरिया डॉक या नावाची एक जुनी गोदी आहे. १८५५ साली ती उघडली आणि १९८१ साली बंद पडली. मधल्या सव्वाशे वर्षांत दूरदूरच्या मुलखांतून आलेले धान्य आणि तंबाखू तिच्या धक्क्यावर उतरत असे आणि उतरलेल्या मालाची जकात आकारणाऱ्या कारकुनांचे टाक त्या धक्क्यावर अखंड चालत असत. गोदी मिटली, तरी शेजारच्या रेल्वे स्थानकाचे नाव ‘कस्टम हाऊस’ असेच राहिले आहे. तिच्या उत्तर काठावर २००० साली ‘एक्सेल’ नावाचे अवाढव्य प्रदर्शनगृह उभे राहिले, आणि तेथे मे महिन्यात दोन दिवस हिशेबनिसांची व हिशेबाच्या सॉफ्टवेअरची ‘अकाउंटेक्स’ नावाची जत्रा भरते. हॅरो येथे हिशेबनिसीचा लहानसा व्यवसाय करणाऱ्या माझ्या भाच्याच्या आग्रहावरून मी, म्हणजे ज्याची उमेदीची वर्षे सोलापूरच्या एका अडत दुकानात कीर्द-खतावणी लिहिण्यात गेली असा मनुष्य, या जत्रेत एक संपूर्ण दिवस हिंडलो.

प्रवेश विनामूल्य होता. ज्या नगरीत चहाच्या पेल्यापायीही खिशाला चटका बसतो तेथे दोन दिवसांची व्याख्याने फुकट ऐकावयास मिळावीत, आणि वर ती ऐकल्याचे तास हिशेबनिसाच्या व्यावसायिक अध्ययनाच्या खाती जमा व्हावेत, याचा उलगडा मला पहिल्या स्टॉलसमोर झाला. तेथील तरुणाने माझे कुशल विचारण्यापूर्वीच माझ्या गळ्यातील बिल्ल्यावर हातातले यंत्र रोखले आणि माझे नाव-गाव आपल्या दफ्तरी दाखल करून घेतले. सोलापूरच्या बाजारात शेतकऱ्याचा माल कोणत्या खरेदीदाराच्या गाडीत चढावयाचा हे बहुधा अडत्या ठरवीत असे, आणि म्हणून खरेदीदार शेतकऱ्याच्या बांधावर न जाता अडत्याच्या गादीवर येऊन बसत. येथे त्या अडत्याच्या जागी हिशेबनीस आहे. नळदुरुस्ती करणारा, केस कापणारी, लहानसे उपाहारगृह चालविणारा अशा शंभर-दीडशे अशिलांची दफ्तरे ज्याच्या ताब्यात आहेत त्याने एखादे सॉफ्टवेअर पसंत केले की ती सारी गिऱ्हाइके मासिक वर्गणीसह आपोआप चालत येतात, आणि वर्षानुवर्षांचा हिशेब एकदा एका घरात बसला म्हणजे तो उचलून दुसऱ्या घरी नेणे हे बिऱ्हाड हलविण्याइतकेच कटकटीचे असल्यामुळे, आलेले गिऱ्हाईक सहसा परत जात नाही. मग अशा हिशेबनिसाला कंपन्यांनी ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पदव्या द्याव्यात, घाऊक सवलत द्यावी आणि कॉफी पाजावी, यात आतिथ्य थोडे व व्यवहार अधिक आहे. कॉफी मात्र उत्तम होती, हे नमूद केले पाहिजे.

या धंद्याला एवढी भरती येण्याचे खरे कारण विक्रेत्यांच्या चातुर्यात नसून सरकारच्या हुकमात आहे. पूर्वी लहान धंदेवाईक वर्षभराच्या पावत्या बुटांच्या खोक्यात कोंबून ठेवीत आणि ३१ जानेवारीची मुदत जवळ आली की ते खोके हिशेबनिसाच्या टेबलावर आणून आदळीत. ‘मेकिंग टॅक्स डिजिटल’ या योजनेने ही वहिवाट मोडीत काढली. एप्रिल २०१९ पासून ८५,००० पौंडांवर उलाढाल असणाऱ्यांना आणि एप्रिल २०२२ पासून मूल्यवर्धित कराखाली नोंदलेल्या सर्वांनाच आपल्या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये ठेवणे भाग झाले. ६ एप्रिल २०२६ ही तारीख प्राप्तिकरासाठी मुक्रर झाली, आणि स्वतःच्या धंद्यातून अथवा घरभाड्यातून ज्यांची ढोबळ आवक वर्षाला ५०,००० पौंडांहून अधिक आहे त्यांनी दर तिमाहीस गोषवारा पाठवावयाचा असे ठरले. पुढे २०२७ साली ही मर्यादा ३०,००० वर आणि २०२८ साली २०,००० वर उतरावयाची आहे. दफ्तर ठेवण्याची सक्ती सरकारने केली, पण दफ्तर पुरविण्याचे काम बाजारावर सोपविले. आणि सक्तीच्या वस्तूचा बाजार किती तेजीत असतो, हे शाळेचा गणवेश विकणाऱ्या कोणत्याही दुकानदारास विचारावे.

दुपारी एका दालनात या नव्या दफ्तराचे प्रात्यक्षिक पाहिले. २०१८ च्या जानेवारीपासून ब्रिटनमधील नऊ मोठ्या बँकांवर, खातेदाराची संमती असल्यास, त्याच्या खात्यातील उलाढाल अन्य कंपन्यांना यंत्रमार्गे खुली करण्याचे बंधन आले आहे. त्यामुळे बँकेत जमा वा नावे पडलेली रक्कम कोणी न लिहिता हिशेबात येऊन बसते. पेट्रोलच्या पावतीचे छायाचित्र काढले की विक्रेता, दिनांक, रक्कम आणि कर ही चारही कलमे यंत्र वाचते, योग्य ते खाते स्वतः सुचवते, आणि बँकेच्या नोंदीशी जोडी जमली की पडद्यावर हिरवी खूण उमटते. प्रात्यक्षिक देणारी तरुणी प्रसन्नपणे म्हणाली की आता महिनाअखेरीस ताळा पाहण्याचे कामच उरत नाही, कारण ताळा क्षणोक्षणी लागलेलाच असतो. सभागृहाने टाळ्या वाजविल्या. माझ्या मनात मात्र तेथेच खडा पडला.

आमच्या दुकानात बँकेचा मेळ घालणे म्हणजे काय होते? एका हाताशी आमची कीर्द, दुसऱ्या हाताशी बँकेचे पासबुक. कीर्द आम्ही लिहिलेली, पासबुक बँकेने लिहिलेले. दोघांनी एकाच व्यवहाराची हकीकत एकमेकांस न विचारता सांगितलेली. लाल पेन्सिलीने एकेका रकमेवर खूण करीत जावयाचे आणि ज्या रकमेला जोडीदार मिळाला नाही तिच्यापाशी थांबावयाचे. चूक सापडे ती या थांबण्यात. उलट बँकेच्याच नोंदीवरून कीर्द तयार झाली, आणि मग ती कीर्द बँकेच्या नोंदीशी ताडून पाहिली, तर ती जुळेल यात नवल कोणते? एकाच साक्षीदारास दोनदा उभे करून दोन्ही जबान्या जुळल्या म्हणून संतोष मानावा, तसाच हा प्रकार आहे. पावतीचे छायाचित्र हा निराळा पुरावा खरा, परंतु पेट्रोल कामाच्या फेरीसाठी भरले की सासुरवाडीला जाण्यासाठी, हे ती पावतीही सांगत नाही.

आणि हा प्रश्न सुचावा तो लंडनसारख्या शहरात, हा एक विलक्षण योग. कारण ताळा म्हणजे काय हे इंग्लंडच्या सरकारी खजिन्याने काही शतके अक्षरशः लाकडात कोरून ठेवले होते. रक्कम भरली की हेझल झाडाच्या काठीवर खाचा पाडीत: हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी आणि एका पौंडाची टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. आपल्याकडेही आठ यवांचे एक अंगुल मोजीत, हे येथे सहज आठवते. मग ती काठी उभी चिरून एक फाळका भरणाऱ्याला देत व दुसरा खजिन्यात ठेवीत. पुढेमागे तंटा उपस्थित झाला तर दोन्ही फाळके जोडून पाहावयाचे. एकट्याला आपल्या फाळक्यावर जादा खाच पाडून काहीच साधत नसे, कारण दुसऱ्यावर ती उमटत नसे. या काठीला इंग्रजीत ‘टॅली’ म्हणत, आणि आपल्याकडे गोएंका पिता-पुत्रांनी १९८६ साली आरंभलेले जे सॉफ्टवेअर आज गावोगावच्या पेढ्यांवर चालते त्याचेही नाव तेच आहे. १८२६ साली ही पद्धत अखेर बंद झाली, आणि १६ ऑक्टोबर १८३४ रोजी साठलेल्या काठ्या जाळून टाकाव्यात म्हणून त्या पार्लमेंटच्या भट्ट्यांत इतक्या सढळ हाताने घातल्या गेल्या की त्या आगीत पार्लमेंटची वास्तूच भस्मसात झाली.

मराठी दौलतीच्या कारभारातही काठ्या नसल्या तरी फाळके होते. रोकड पोतनिसाकडे, नाणे पारखणारा पोतदार निराळा, दफ्तर फडणिसाच्या हाताखाली आणि तपासणीचा अधिकार मुजुमदाराचा. ही माणसे एकमेकांवर प्रेम करीत असतील असे दफ्तरे वाचून वाटत नाही. त्यांचे एकमेकांवर लक्ष असे, एवढे पुरे होते.

दुसरा फाळका नाहीसा झाला म्हणजे काय होते, याचा दाखला ब्रिटनला कोठे दूर शोधावयास नको. १९९९ पासून तेथील पोस्ट ऑफिसने आपल्या शाखांत ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबपद्धती बसविली. तोवर बहुतांशी कागदावर स्वतः हिशेब लिहिणाऱ्या पोस्टमास्तरांच्या दुकानांत तुटी दिसू लागल्या, आणि करारान्वये त्या त्यांनी पदरच्या पैशांनी भरून द्याव्यात असा तगादा लागला. हॅम्पशरमधील एका पोस्टमिस्ट्रेसने मदतकेंद्राच्या सांगण्याबरहुकूम कळी दाबल्या तेव्हा दोन हजार पौंडांची तूट तिच्या डोळ्यांदेखत चार हजारांची झाली. सरे परगण्यातील भारतीय वंशाची एक गर्भवती स्त्री २०१० साली तुरुंगात गेली. एकंदर नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली. संगणक नीट चालत होता हे, त्याचा पुरावा हजर करणाऱ्याने दाखवून द्यावे, अशी १९८४ च्या कायद्यात तरतूद होती. ती १९९९ च्या कायद्याने रद्द झाली आणि यंत्र बरोबरच असणार हे गृहीत धरले जाऊ लागले. यंत्र म्हणते तूट आहे. मास्तर म्हणतो मी पैसे घेतले नाहीत. आणि मास्तरापाशी दाखविण्यास स्वतःचा फाळका नाही! अॅलन बेट्स या माजी पोस्टमास्तरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षे झगडून डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाकडून त्या पद्धतीतील दोष सिद्ध करून घेतले, आणि उरलेल्या शेकडो शिक्षा पुसण्यासाठी २०२४ साली पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करावा लागला. जत्रेच्या स्टॉलांमधून हिंडताना या प्रकरणाचा उल्लेख माझ्या कानी पडला नाही. लग्नघरी कोणी घटस्फोटाच्या गोष्टी काढीत नाही, हे मला मान्य आहे.

आपल्याकडील व्यापारी ज्याच्या नावाने बोटे मोडतो त्या जीएसटीने मात्र हा दुसरा फाळका, कदाचित नकळत, पुन्हा आणला आहे. १ जानेवारी २०२२ पासून खरेदीदारास भरलेल्या कराची वजावट मिळावयाची तर विक्रेत्याने तेच बिल आपल्या विवरणात दाखविलेले असले पाहिजे. विक्रेत्यांनी दाखविलेली बिले खरेदीदारापुढे मांडणाऱ्या ‘टू-बी’ या जीएसटी-विवरणात बिल दिसत नाही म्हणून मार्केट यार्डातून जे फोन खणखणतात ते सारे काठीच्या दोन फाळक्यांचे भांडण असते. त्यात प्रामाणिक खरेदीदार दुसऱ्याच्या आळसापायी भरडला जातो, हा अन्यायही खराच. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारी, बंद न करता येणारी सोय असलीच पाहिजे असा दंडकही आला. कोणी, केव्हा, काय बदलले हे त्यावरून कळते. मूळ नोंद खरी होती की खोटी, हे त्या सोयीच्या अखत्यारीत येत नाही.

संध्याकाळी गोदीच्या काठाने परतताना, जुन्या धक्क्यावर शोभेसाठी राखून ठेवलेल्या याऱ्यांखालून आम्ही स्टेशनाकडे निघालो. मी माझी शंका भाच्याला सांगितली. तो हसून म्हणाला, “मामा, तुम्ही म्हणता ते खरं, पण लाल पेन्सिलीच्या खुणांचे पैसे कोण देणार मला?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. कस्टम हाऊसच्या फलाटावर त्याच्या खिशातला फोन वाजला: एका उपाहारगृहवाल्या अशिलाने पावतीचे छायाचित्र पाठविले होते, फुले, त्रेचाळीस पौंड. यंत्राने ते वाचून ‘सजावट’ या खाती घालून हिरवी खूणही करून टाकली होती. भाचा क्षणभर त्या खुणेकडे पाहत राहिला, मग त्याने अशिलाला फोन लावला आणि ही फुले टेबलांवर ठेवली की आणखी कोठे गेली, असे विचारले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग अशील हळू आवाजात म्हणाला की हे बायकोसमोर सांगता येणार नाही, दुकानात पोचल्यावर फोन करतो.