वणव्याची राखण ग्रामसभेकडे हवी

वलगावावरून परतवाड्याकडे जाणारा रस्ता पुढे मेळघाटात चढतो. तिथला साग उन्हाळ्यात पानं गाळतो आणि वाळलेला पाचोळा एका ठिणगीनं पेटतो. वन विभाग हंगामाआधी जाळरेषा काढतो. पण जाळरेषा आगीचा फैलाव अडवते, ठिणगी नव्हे. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, मग गावावर विसंबायचं कसं, असा आक्षेप येतो. उत्तर त्यातच आहे: ज्यांच्या हातून आग लागते, तेच ती टाळू शकतात. पाला झाडून काढणं, झाडाखाली जाळी बांधणं हे उपाय साधे आहेत. २००६च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. याच कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या पायविहीर गावानं उजाड टेकडी हिरवी केली. जंगल आपलं वाटलं, की गाव राखणीला उभं राहतं. सरकारनं त्याला साधनं आणि मजुरी द्यावी.