पाचव्या चाकाचा हिशेब

जुईनगर स्टेशनच्या पूर्वेला सायन-पनवेल महामार्ग ओलांडला की शिरवण्याची एमआयडीसी सुरू होते. कारखान्यांच्या अधेमधे गॅरेजं, डेंटिंग-पेंटिंगवाले, सीटकव्हरवाले आणि टायरची दुकानं. पाऊस तोंडावर आला की टायरच्या दुकानांपुढे जिम्नी, थार आणि अजून जीव धरून असलेल्या जिप्सी उभ्या राहतात. माळशेज, ताम्हिणी, नाही तर एखाद्या गडाच्या पायथ्याची कच्ची वाट डोळ्यांसमोर ठेवून मालक मूळ मापापेक्षा मोठे, खोल नक्षीचे टायर घालून घेतात. चार चाकं बदलायला फार वेळ लागत नाही. कसब लागतं ते स्टेपनीला. अशाच एका दुकानात जिम्नीची मोठी स्टेपनी बसवली जाताना मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत थांबून पाहिलं.

गाडी जुईनगरमध्येच राहणाऱ्या एका बाईंची. भारतात पाच दारांची जिम्नी जून २०२३मध्ये आली, ती १९५/८० आर १५ मापाच्या टायरवर. १९५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे कडेची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के. १५ हा रिमचा व्यास इंचांत. हिशेब मांडला तर टायरची पूर्ण उंची ६९३ मिलिमीटर भरते. बाईंनी घेतला होता २३५/७५ आर १५. त्याची उंची साधारण ७३३ मिलिमीटर. म्हणजे गाडी २० मिलिमीटर वर उचलली जाते आणि टायर ४० मिलिमीटरने रुंद होतो. या मापाला किमान ६ इंच रुंदीची रिम लागते. जिम्नीची मूळ रिम साडेपाच इंचांची, म्हणून रिमही नव्या आल्या होत्या.

चारही चाकं चढल्यावर बाईंनी विचारलं, “दादा, मागे जुनीच स्टेपनी राहू दे ना? पंक्चर होतं तरी कितीदा?”

फिटरने हात पुसले. “ताई, हायवेला पंक्चर झालं तर जुनी लावून हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंत पोचाल. पण टायरची कड फाटते ती दगडात, चिखलात. आणि तिथेच तुम्हाला फोर बाय फोर लागणार.”

तो जे सांगत होता ते नीट समजून घेण्यासारखं आहे. जिम्नी काय किंवा जिप्सी काय, गरजेपुरती चारही चाकांना ताकद देणाऱ्या या गाड्या. ‘४एच’ लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. मधे डिफरेन्शियल नसतं. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या आसाला सारख्याच वेगाने फिरावं लागतं. जुन्या मापाचं चाक एका किलोमीटरला ढोबळमानाने ४५९ फेरे घेतं, नवं ४३४. मागे एका बाजूला जुनं आणि दुसऱ्या बाजूला नवं चाक असेल, तर त्या आसाची सरासरी पुढच्या आसाशी जुळत नाही. किलोमीटरमागे १२-१३ फेऱ्यांचा फरक कुठेतरी जिरायलाच हवा. ओल्या मातीत टायर घसरून तो जिरतो. खडकावर किंवा कोरड्या रस्त्यावर घसरायला वाव नसतो, मग तो ताण गिअर आणि शाफ्ट सोसतात. त्यात मागचं डिफरेन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं. चाकांच्या वेगावर नजर ठेवणाऱ्या सेन्सरांना वाटतं, एक चाक घसरतंय. म्हणजे ज्या प्रसंगासाठी एवढा खर्च केला, नेमक्या त्याच प्रसंगी गाडी अडखळते.

बाईंनी क्षणभर चार चाकांकडे पाहिलं आणि पाचवी रिम, पाचवा टायर काढायला सांगितलं. माझ्या मते गाडीला मोठे टायर लावायचा निर्णय पूर्ण झाला तो या वेळी. चार टायरनी गाडीचं रूप बदललं होतं, पण ती गाडी रस्ता सोडून दूर नेण्याजोगी पाचव्यामुळेच होणार होती.

टायर मशीनवर जाण्याआधी फिटरने त्याच्या कडेवरचा आकडा वाचून दाखवला. शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२५ असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाचही टायर एकाच सुमाराचे आहेत ना, हे त्याने पाहिलं. भार पेलण्याचा आकडाही तपासला. मूळ टायरवर ९६ असतो, म्हणजे एका टायरला ७१० किलो. नव्यावर १०५ होता, म्हणजे ९२५ किलो. मोठा टायर घेताना हा आकडा मूळ आकड्यापेक्षा खाली जाता कामा नये.

मग बीडला, म्हणजे रिमवर बसणाऱ्या टायरच्या कडेला, साबणाची पेस्ट लागली. रिम अलॉयची, त्यामुळे मशीनच्या दांडीवर प्लास्टिकची टोपी. टायर तिरका धरून खालची कड आत गेली, मग वरची. खोल नक्षीच्या या टायरची कड जाड असते. ती ओढून बसवताना फिटरचा सगळा भार त्याच्या डाव्या गुडघ्यावर आला. व्हॉल्व्हची सुई काढून ठेवून हवा सोडली. दोनदा मोठा ठप्प आवाज झाला, दोन्ही कडा रिमवर बसल्या. पण आवाज झाला म्हणजे काम झालं असं तो मानत नव्हता. टायरच्या कडेला, रिमच्या अगदी जवळ, एक बारीक उंचवट्याची रेघ असते. तिचं रिमपासूनचं अंतर सगळीकडे सारखं असेल तरच टायर सरळ बसला. त्याने बोट फिरवत पूर्ण वर्तुळ तपासलं, मगच सुई परत लावली.

स्टेपनीचंही बॅलन्सिंग झालं. पुष्कळ दुकानांत ते टाळतात, कारण ते चाक लगेच रस्त्यावर येणार नसतं. इथे ते केलं, कारण पाचही चाकं आळीपाळीने फिरवायचं ठरलं होतं. वर्षानुवर्षं मागे टांगून राहिलेला टायर न झिजताही म्हातारा होतो. ऊन आणि ओझोन रबर खराब करत जातात. चार टायर झिजलेले आणि पाचवा कोरा, असं झालं तर मापातला फरक पुन्हा मागच्या दाराने आत येतो.

आता मुख्य काम. जिम्नीची स्टेपनी मागच्या दारावर बसते आणि ते दार बाजूला उघडतं. नवं चाक नुसतं ब्रॅकेटवर टेकवून पाहिलं तेव्हा त्याचा तळ बंपरला लागला. २० मिलिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण मूळ मोकळी जागाच तेवढी नव्हती. यावर उपाय दोन: चाक बाहेर सरकवायचं किंवा वर उचलायचं. बाहेर सरकवणं सोपं, ब्रॅकेट आणि रिम यांच्यामध्ये स्पेसर घातला की झालं. फिटरने त्याला नकार दिला.

त्याचं कारण साधं गणित आहे. दाराच्या पत्र्यावर आणि बिजागऱ्यांवर येणारा ताण म्हणजे वजन गुणिले अंतर. समजा, २० किलोचं चाक दारापासून २० सेंटिमीटरवर लटकतंय. त्याच्या जागी २६ किलोचं चाक आलं आणि ते ४ सेंटिमीटर आणखी बाहेर गेलं. वजन ३० टक्क्यांनी वाढलं, अंतर २० टक्क्यांनी, पण ताण दीडपटीहून जास्त झाला. शिवाय हा आकडा गाडी उभी असतानाचा. खड्ड्यात आदळताना तो आणखी कित्येक पटींनी चढतो. अशा गाड्यांच्या दाराचा पत्रा आधी ब्रॅकेटच्या बोल्टभोवती तडकतो, आणि तो तडा रंगाखाली असल्यामुळे लवकर दिसत नाही.

म्हणून चाक वर उचलायचं ठरलं. ब्रॅकेटवर पोलादी पट्टी बसवून स्टडची जागा वर नेली, बाहेर येणं शक्य तितकं कमी ठेवलं. दाराच्या आतलं अस्तर काढून बोल्टच्या मागे रुंद प्लेट दिली, म्हणजे भार चार भोकांवर न येता पत्र्याच्या मोठ्या भागावर पसरतो. रबरी बफर असे जुळवले की टायर त्यांच्यावर घट्ट दाबून बसेल. चाक किंचितही हललं तर प्रत्येक हिसक्याबरोबर ते दारावर घाव घालत राहणार.

चाक चढवण्याआधी त्याने दाराची कड आणि बॉडी यांच्यावर मास्किंग टेपची पट्टी चिकटवली, तिच्यावर पेन्सिलने एक आडवी रेघ मारली आणि दाराच्या फटीत पट्टी ब्लेडने कापली. चाक बसवून नट आवळल्यावर रेघेचे दोन तुकडे अजून एका ओळीत आहेत का, ते पाहिलं. दाराकडचा तुकडा केसभर खाली आला होता. बिजागऱ्यांचे बोल्ट सैल करून दार किंचित उचललं, पुन्हा आवळलं. रेघ जुळली. त्यानंतर त्याने दार दहाबारा वेळा उघडलं, मिटलं, कुलपाचा आवाज कान देऊन ऐकला. ब्रेकचा वरचा दिवा झाकला जातो का, नंबरप्लेट पूर्ण दिसते का, मागच्या कॅमेऱ्यात टायरची कड येते का, हेही एकेक करून पाहिलं.

टायर मोठे करणाऱ्याने आणखी दोन गोष्टी जाणून घ्यायला हव्यात. एक, वेग. परीघ सुमारे ५.८ टक्क्यांनी वाढल्यामुळे मीटरवर पूर्वी दिसायचा त्यापेक्षा कमी वेग दिसतो. कंपन्या मीटर थोडा जास्तच वेग दाखवील असा ठेवतात, पण ती सवलत मोठ्या टायरमध्ये बरीचशी संपते. ब्रेक आणि पिकअप यांवरही परिणाम होतो, कारण फिरवायचं चाक जड झालेलं असतं. दुसरी, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं की, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. अपघातानंतर विमा कंपनीही हाच प्रश्न विचारू शकते. त्यामुळे टायरचं माप ठरवतानाच कंपनी कोणती मापं मान्य करते ते पाहावं आणि विमा कंपनीशी लेखी बोलून घ्यावं. दगडगोट्यांची हौस नसेल तर मूळ रिमवर बसणारं २१५/७५ आर १५ हे माप साधारण १० मिलिमीटरच उंच आहे. तिथे हा सगळा ताण बराच कमी होतो, तरी नियमांची चौकशी करावी लागतेच.

पैसे घेण्याआधी फिटरने बाईंना एक काम सांगितलं. “ताई, आता ही स्टेपनी तुम्ही उतरवा. दुकानाची हत्यारं नाहीत घ्यायची, गाडीतलीच.”

गाडीतला पाना, गाडीतलाच जॅक. नट सुटले, पण चाक उतरवताना वजन अंगावर आलं. त्याने त्यांना गुडघा टायरखाली आधाराला ठेवायला शिकवलं. ते पंक्चर झालेल्या चाकाच्या जागी चढवताना जमिनीवर बसून, पान्याची दांडी टायरखाली तरफेसारखी घालून, पायाने रेटत भोकं स्टडसमोर आणायची युक्ती दाखवली. मोठ्या टायरवर गाडी उंच झाल्यामुळे मूळ जॅक पुरेसा चढत नाही, हेही तेव्हाच कळलं. जॅकखाली घालायला जाड लाकडी ठोकळा गाडीत ठेवायचं ठरलं. बाईंना घाम फुटला होता, पण चाक त्यांनी स्वतः बसवलं, नट एकाआड एक आवळले.

स्टेपनीत हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरली. घाटात हवा सोडणं सोपं, भरणं अवघड. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे, आणि दर महिन्याला दार उघडून बोल्टभोवतीच्या रंगावर बोट फिरवायचं, अशी सूचना त्याने दोनदा दिली. रंगाला केसासारखी रेघ दिसली, तर सहल रद्द करून आधी गॅरेज गाठायचं. मोठा टायर मिरवणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी. दुकानातलं काम एका दिवसात संपतं, दारावरचा भार मात्र गाडी आहे तोवर राहतो आणि त्याच्यावर लक्ष ठेवणं मालकाच्याच हातात असतं.