अळीच्या जबड्याची करवत

शिरूर-दौंडकडच्या कुठल्याही आंब्याच्या मालकाला भिरूड म्हणजे काय ते विचारा, तो थेट झाडापाशी नेऊन दाखवेल. बुंध्याशी भुशाचा छोटा ढीग आणि वर सालीत एक भोक. आत बोटभर लांबीची, पांढुरकी अळी. चिमटीत धरली तर फुटेल असं मऊ अंग, आणि तरी ती जित्या लाकडातून बोगदा पाडत जाते! शेतकरी भोकात तार घालून तिला ओढून काढतो, नाहीतर पेट्रोलचा बोळा कोंबून वरून चिखलाने भोक लिंपून टाकतो.

आता त्याच शिवारातलं दुसरं दृश्य पाहा. भीमेच्या नाहीतर घोडनदीच्या काठचा बांध, त्यावर वाळून खडंग झालेली बाभूळ. कुऱ्हाड मारली तर हात झिणझिणतात. मग चेनसॉ येते. गावात तिला कुणी नुसतं ‘कटर’ म्हणतं. दोरीला एक झटका, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि चहा निवायच्या आत बुंधा आडवा.

ती अळी आणि हे कटर, दोघांचं नातं काय? सख्खं आहे. गुरू आणि शिष्याचं.

आधी लाकूड समजून घेऊ. केडगावच्या गुऱ्हाळावर उसाच्या मोळ्या उतरतात, तशी एक मोळी डोळ्यांसमोर आणा. दोन उसांच्या मधे हात घालून त्यांना वेगळं करणं किती सोपं! पण अख्खी मोळी एका घावात आडवी तोडा बरं. लाकूड हे असंच आहे, लाखो बारीक तंतूंची घट्ट आवळलेली मोळी. उभं फोडलं की सळसळत फुटतं, आडवं कापायचं म्हटलं की प्रत्येक तंतू स्वतंत्रपणे तोडावा लागतो. म्हणून तर सुतार उभ्या कापासाठी आणि आडव्या कापासाठी करवतीचे दात वेगवेगळे घासतो.

साखळीला दात लावून ती फिरवायची ही कल्पना जुनी आहे, आणि तिचा जन्म जंगलात झालेलाच नाही. १८३०च्या सुमारास जर्मनीतल्या बर्नहार्ड हाइने यांनी हाताने दांडा फिरवून चालणारी साखळीची करवत बनवली, ती माणसाचं हाड कापायला. शस्त्रक्रियेचं हत्यार होतं ते! झाडापर्यंत यायला साखळीला कित्येक दशकं लागली. १९२६ साली आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी लाकूडकापणीची साखळी-करवत केली. वजन किती असावं? ६४ किलो. सिमेंटचं अख्खं पोतं, वर आणखी चौदा किलो. ती धरायला दोन माणसं लागत. तीन वर्षांनी पेट्रोलवरची आली, तीही ४६ किलोंची.

वजन हळूहळू उतरत गेलं, पण खरी अडचण दातांत होती. त्या काळच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखेच होते. ते तंतू ओरबाडायचे, बारीक भुसा पाडायचे आणि बघता बघता बोथट व्हायचे. कापण्यात जेवढा वेळ जाई, तेवढाच कानस घेऊन बसण्यात जाई.

मग १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ बफर्ड कॉक्स हा लाकूडतोड्या एका किडलेल्या ओंडक्यापाशी थबकला. आत एक जाडजूड अळी लाकूड खात होती. लाकडाच्या रेषेत जा की आडवं जा, तिला फरकच पडत नव्हता. ज्या आडव्या कापाने माणसाची यंत्रं रडकुंडीला येत होती, तो ती त्याच संथ चालीने करत होती. कॉक्सने पाहिलं, तिचे दोन जबडे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वळलेले आहेत आणि ती एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून घास घेते आहे. त्याने तो जबडा पोलादात उतरवला. १९४७ साली, पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरातून, त्याने ती साखळी विकायला सुरुवात केली.

ती अळी लांब शिंगांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातली होती. आपल्या आंब्यातलं भिरूड? तेही त्याच कुळातलं. म्हणजे आपण ज्याच्या भोकात पेट्रोलचा बोळा कोंबतो, त्याच्याच चुलतभावाचे जबडे पेट्रोलच्या जोरावर आपल्या बांधावर फिरताहेत.

एकदा मशीन बंद असताना साखळीचा एक दात निरखून बघा. नखाएवढाच तुकडा, पण त्यात सुताराची अख्खी पेटी बसली आहे. कडेची उभी धार म्हणजे चाकू, ती तंतू आडवा छेदते. वरची आडवी धार म्हणजे पटाशी, ती छेदलेला तुकडा उचलून बाहेर फेकते. आणि दाताच्या पुढे जो छोटा उंचवटा आहे, तो रंध्याच्या तळासारखा. दाताने किती खोल शिरायचं हे तो ठरवतो. धार आणि हा उंचवटा यांच्यात फरक असतो साधारण ०.६५ मिलीमीटर, म्हणजे दोन-तीन पोस्टकार्डांच्या जाडीएवढा! तो नसता तर दात अधाशासारखा लाकडात घुसून अडकला असता. एक दात डावा, पुढचा उजवा, थेट अळीसारखा.

आता या दातांचा वेग मोजू. मोठ्या मशीनच्या आत साखळी ओढणारं सात दात्यांचं चाक असतं. ते एकदा फिरलं की साखळी सुमारे १३ सेंटीमीटर पुढे सरकते. इंजिन मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर साखळीचा वेग झाला ताशी सुमारे ७८ किलोमीटर. दौंड जंक्शन सोडून वेगात आलेली रेल्वेगाडीच म्हणा ना! वीस इंची पात्यावर असे ३६ दात असतात. हिशेब केला तर बाभळीवरून सेकंदाला ५८० च्या आसपास दात जातात. भिरूड एक घास घेतं तेवढ्यात इथे शेकडो घास झालेले असतात.

हे सगळं चालवणारं इंजिन तर आणखी चकित करतं. मोटरसायकल कधी उलटी धरून चालवता येईल का? चेनसॉ आडवी, तिरपी, उलटी कशीही धरावी लागते. म्हणून तिच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट नसतो, रबरासारखा पातळ पडदा असतो. इंजिनच्या श्वासाबरोबर तो हलतो आणि पेट्रोल सोडतो. तळाशी तेल साठवायचीही सोय नाही, म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, बहुतेक नव्या मशीनना लिटरला २० मिलिलिटर. हा हिशेब चुकवून इंजिन जाळू नका.

अलीकडे या पडद्यालाही पर्याय आला. श्टील कंपनीने, जिचं भारतातलं ठाणं आपल्याच जिल्ह्यात चाकणजवळ आहे, २०१९ साली ‘एमएस ५००आय’ बाजारात आणली. तिच्यात कार्बोरेटरच नाही. किती पेट्रोल फवारायचं ते मोटारीसारखं इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते. आणि बॅटरी? तीही नाही! दोरी ओढताच जेवढी वीज तयार होते, तेवढ्यावर ही यंत्रणा जागी होते. ७९.२ सीसीचं इंजिन, ५ किलोवॉट ताकद आणि पात्याशिवाय वजन ६.२ किलो. १०० सीसीच्या मोटरसायकलीच्या जवळ पोचणारी ताकद दोन हातांत! साखळी थांबल्या जागेवरून पाव सेकंदात ताशी १०० किलोमीटरला पोचते, असं कंपनी सांगते. वापरणारे हलकेपणाचं आणि बोट दाबताच मिळणाऱ्या प्रतिसादाचं कौतुक करतात. नाराजी एकाच गोष्टीची असते, बिघाड झाला तर झाडाखाली बसून पाना-स्क्रूड्रायव्हरने तो काढता येत नाही. रानात काम करणाऱ्याला ही नाराजी लहान नाही. माझं मत विचाराल तर बांधावरच्या चार झाडांसाठी एवढं मशीन घेऊच नये. पन्नास सीसीचं, कार्बोरेटरवालं पुरतं.

कारण मशीन कुठलंही असो, कापतो तो दातच. आपल्याकडे त्याचे वैरी तीन: वाळलेली बाभूळ, सालीत बसलेली नदीकाठची वाळू आणि खोडात वर्षानुवर्षं मुरलेली कुंपणाची तार. दात बोथट झाला हे ओळखायला मशीनकडे बघायचीही गरज नाही, खाली काय पडतंय ते पाहा. मोकळ्या, जाडसर ढलप्या उडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला की दात लाकूड कापत नाही, नुसता घासतोय. अशा वेळी माणूस मशीनवर जोर देतो, आणि पातं उसळण्याचा धोका त्याच घटकेला वाढतो. तेव्हा थांबा आणि गोल कानस घ्या.

पुढच्या वेळी शिवारात कटरचा आवाज आला, तर मशीन बंद झाल्यावर जवळ जा. एक ढलपी उचलून बोटांत फिरवा, पटाशीने काढल्यासारखी तिची कड दिसेल. ओंडक्यात एखादी अळी सापडली, तर चिरडण्याआधी तिला तळहातावर घ्या आणि पोरांच्या दप्तरातलं भिंग आणून तिचे जबडे बघा.