पायधुणीची वाट: प्रार्थनास्थळांच्या उंबरठ्यावर काय शिकायचं?

आज आपण इथे बसल्या बसल्या एक पायी फेरी करणार आहोत. मुंबईत मशीद स्टेशनच्या पश्चिमेला उतरायचं आणि गल्ल्यागल्ल्यांतून प्रिन्सेस स्ट्रीटपर्यंत चालत जायचं. अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर. एवढ्या वाटेवर ज्यू, जैन, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि पारशी अशा सहा समाजांची प्रार्थनास्थळं लागतात. मध्ये हातगाड्या, हमाल, कापडाची दुकानं, सोन्याचा बाजार, हे सगळं आहेच.

आम्ही लोकांना घेऊन ही फेरी करतो, तेव्हा शेवटी कोणीतरी हमखास म्हणतं, "काय आहे, सगळे धर्म शेवटी एकच." हे वाक्य चांगल्या मनानं म्हटलेलं असतं, त्याची थट्टा करायची नाही. पण सगळं एकच असेल, तर सहा ठिकाणी जायचं कशाला? एक बघावं आणि घरी जावं. आमचं म्हणणं असं की या फेरीत शिकण्यासारखं जे आहे ते फरकांमध्ये आहे, आणि ते फरक गाभाऱ्याच्या आधी उंबरठ्यावर दिसतात. प्रत्येक जागा आत येणाऱ्याकडून काहीतरी मागते. काय मागते आणि का मागते, एवढाच आजचा विषय.

मशीद नावाचं स्टेशन, आणि सिनेगॉग

सुरुवात स्टेशनच्या नावापासून करू. मशीद स्टेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मिनार येतो. पण इथल्या जुन्या लोकांच्या तोंडी 'जुनी मशीद' हे नाव होतं ते एका सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराचं. सॅम्युअल स्ट्रीटवरचं शआर हारहामीम, अर्थ 'दयेचं द्वार'. स्टेशनला नाव यावरूनच पडलं असं अनेक जण सांगतात. बेने इस्रायली ज्यू आपल्या प्रार्थनाघराला बोलीत मशीदच म्हणत. ही माणसं कोकणातली. आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर. गावात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. मातृभाषा मराठी.

हे सिनेगॉग १७९६ साली सॅम्युअल एझिकेल दिवेकर यांनी बांधलं. ते कंपनीच्या फौजेत अधिकारी होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. परंपरेनं सांगितली जाणारी कथा अशी की सुटका झाली तर प्रार्थनाघर बांधीन असा त्यांनी नवस केला होता. पुढे १८६० साली ते सध्याच्या जागी आलं.

आता उंबरठा बघा. दाराच्या चौकटीवर एक छोटी तिरपी नळी लावलेली असते, तिला मेझुझा म्हणतात. तिच्यात हिब्रू धर्मग्रंथातली वचनं हातानं लिहिलेली असतात. येता-जाता तिला बोटं लावून ओठांना लावतात. पुरुषांनी डोकं झाकायचं. जोडे मात्र बहुधा पायातच राहतात, आणि इथेच आपल्या मंडळींचा गोंधळ उडतो. सवयीनं चपला काढायला वाकतात, आणि डोकं उघडंच! आत मूर्ती नाही. पडद्यामागच्या कपाटात तोराच्या गुंडाळ्या आहेत, आणि ते कपाट साधारण पश्चिमेकडे, कारण मुंबईहून जेरुसलेम तिकडे आहे.

१९४८ नंतर या समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. तिथेही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. एलियाहू हनाबीच्या नावानं पोहे, खोबरं, साखर आणि फळं यांचा 'मलिदा' करायची रीत त्यांनी सोबत नेली. आपण इथे 'परक्या' धर्माची जागा बघायला येतो आणि नैवेद्यात पोहे निघतात.

पाय धुवायची जागा

सॅम्युअल स्ट्रीटवरून थोडं चाललं की पायधुणी. हा शब्द रोज बसच्या पाटीवर वाचतो, पण फोड करत नाही. पाय धुणी. मुंबई सात बेटांची होती तेव्हा भरतीला इथे पाणी शिरायचं. पलीकडून चिखल तुडवत येणारी माणसं या ठिकाणी पाय धुऊन गावात शिरायची. अठराव्या शतकात वरळीची खिंड बांध घालून बुजवली आणि पाणी हटलं, नाव राहिलं.

आम्ही या चौकात मुद्दाम पाच मिनिटं थांबतो. कारण पुढच्या बहुतेक जागांमध्ये आत जाण्याआधी पाणी लागतं, आणि प्रत्येक ठिकाणी त्या पाण्याचा अर्थ वेगळा आहे.

इथेच गोडीजी पार्श्वनाथांचं जैन देरासर आहे. १८१२ मध्ये इथे मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. उंबरठ्यावर पहिला प्रश्न चामड्याचा. पट्टा, पाकीट, पर्स बाहेर. कारण सरळ आहे. अहिंसा हा ज्या धर्माचा पाया, त्याच्या मंदिरात मारलेल्या जिवाचं कातडं अंगावर घेऊन जायचं नाही. दर्शन साध्या स्वच्छ कपड्यांत होतं, पण मूर्तीची पूजा करायची तर आंघोळ करून पूजेची वेगळी वस्त्रं नेसावी लागतात आणि तोंडावर कापड बांधावं लागतं. आपला श्वाससुद्धा मूर्तीवर पडू नये. म्हणजे एकाच इमारतीत दोन उंबरठे: एक बघणाऱ्यासाठी, एक पूजा करणाऱ्यासाठी.

देवी आणि तलाव

पुढे झवेरी बाजाराच्या तोंडाशी मुंबादेवी. शहराला नाव देणारी, मूळची कोळ्यांची देवी. तिचं जुनं देऊळ आज जिथे सीएसएमटी उभं आहे त्या परिसरात होतं. अठराव्या शतकात ते तिथून हललं. नव्या देवळाशेजारी मोठा तलाव होता, तोही पुढे बुजवला. देवळात आपण कसं वागायचं हे इथल्या बहुतेकांना ठाऊकच असतं, म्हणून आम्ही इथे उलटा प्रश्न विचारतो. सोबतच्या परधर्मीय पाहुण्याला तुम्ही काय सांगाल? घंटा का वाजवायची? तीर्थ कसं घ्यायचं? प्रसाद उजव्या हातातच का? बहुतेक जण अडखळतात. आपला उंबरठा आपल्याला दिसत नाही, कारण आपण रोज तो न बघता ओलांडतो. दुसऱ्यांकडे गेल्यावर झालेला हा आणखी एक फायदा.

शेख मेमन स्ट्रीटनं पुढे गेलं की क्रॉफर्ड मार्केटच्या अलीकडे जामा मशीद. मुंबईतल्या पाण्याची सगळ्यात सुंदर गोष्ट या इमारतीच्या पोटात आहे. मशिदीच्या खाली झऱ्यांचा जिवंत तलाव आहे, आणि इमारत त्यावर दगडी कमानींवर तोलून धरलेली आहे. जुन्या गॅझेटिअरमध्ये याची हकिकत आहे. ही जमीन एका हिंदू माणसाची होती. अठराव्या शतकाच्या शेवटच्या पावात ती एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्यानं मशिदीसाठी घेतली, आणि तलाव जसाच्या तसा राखायचा, या अटीवर. १८०२ साली मशीद उभी राहिली. अट पाळली गेली. आजही नमाजाआधीची वजू, म्हणजे हात, तोंड, चेहरा, पाय धुण्याचा विधी, त्याच पाण्यावर होतो.

वजूत स्वच्छतेबरोबर क्रमही महत्त्वाचा आहे. तो क्रम शरीराला सांगतो की आता बाजार संपला. बाहेर एक पाऊल टाकलं की कापडाचे ठोक भाव सुरू होतात, त्यामुळे इथे हे जास्तच पटतं. आतली रांग मक्केकडे तोंड करून, म्हणजे मुंबईहून पुन्हा पश्चिमेलाच. ज्यू आणि मुसलमान या शहरात प्रार्थनेला उभे राहिले की दोघांची तोंडं साधारण एकाच दिशेला असतात. हे साम्य खरं आहे. पण ते नकाशामुळे आलेलं आहे, 'सगळं एकच' असल्यामुळे नव्हे.

टोपी काढायची की घालायची?

काळबादेवी ओलांडून कावेलमध्ये शिरलं की आवर लेडी ऑफ हेल्थ, आरोग्यमातेचं चर्च. कावेल ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती. यांची बोलीही मराठीच, तिच्या स्वतःच्या वळणाची. दारात पवित्र पाण्याचं छोटं भांडं. त्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतात. इथल्या पाण्यात बाप्तिस्म्याची आठवण असते. पुरुष इथे डोक्यावरची टोपी काढतात. तासाभरापूर्वी सिनेगॉगमध्ये जी आदरानं घातली, तीच इथे आदरानं काढायची! आदर तोच, पण त्याची भाषा उलटी. मिसा चालू असेल तर मागे बसावं, सगळे उठले की उठावं. मात्र ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत, केवळ 'प्रसाद' हा शब्द ओळखीचा वाटतो म्हणून, उभं राहू नये. श्रद्धाळू कॅथलिकांसाठी ते ख्रिस्ताचं शरीर आहे. पाहुण्यानं तिथे न जाणं हाच मान.

बंद दार

शेवटचा मुक्काम प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला, वाडियाजी आतशबेहराम, १८३० सालचं. आतशबेहराम म्हणजे सर्वोच्च दर्जाचं अग्निमंदिर. भारतात अशी फक्त आठ आहेत: मुंबईत चार, सुरतेत दोन, नवसारी आणि उदवाड्यात एकेक. तिथला अग्नी सोळा प्रकारच्या अग्नींपासून, त्यात विजेपासून पेटलेलासुद्धा, शुद्ध करत करत सिद्ध केलेला असतो. विहिरीच्या पाण्यानं हात-तोंड धुवायचं, कुस्ती सोडून पुन्हा बांधत प्रार्थना म्हणायची, मग आत. आणि आत जाण्याचा अधिकार फक्त पारशी-इराणी जरथुष्ट्रींना. आपण फुटपाथवर.

इथे दर वेळी वाद होतो. कोणीतरी चिडतं: "पाच ठिकाणी आम्हाला आत घेतलं, इथेच का नाही?" मग कोणीतरी देवळांतल्या प्रवेशबंदीचा विषय काढतं. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून आज तो नीट उलगडू.

बंद दारं दोन प्रकारची असतात. एक, पाहुण्यासाठी बंद असलेलं. दुसरं, घरच्याच माणसासाठी बंद केलेलं. नाशिकच्या काळाराम मंदिराचं दार १९३० मध्ये दलितांसाठी बंद होतं, आणि डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्चला तिथे सत्याग्रह सुरू झाला. ज्यांना हिंदू म्हणून मोजायचं, त्यांनाच देवासमोर उभं राहू द्यायचं नाही, असा तो अन्याय होता. पंढरपूरच्या विठ्ठलासाठी साने गुरुजी १९४७ साली प्राणांतिक उपोषणाला बसले ते याच कारणानं. २०१६ मध्ये शनिशिंगणापूरचा चौथरा आणि हाजी अली दर्ग्याचा आतला भाग स्त्रियांना खुला झाला. तिथेही बाहेर उभ्या होत्या त्या घरच्याच लेकी.

आतशबेहरामाच्या दाराशी आपण उभे असतो ते पाहुणे म्हणून. आपल्याला कोणी कमी लेखत नाही, आपला काही हक्क हिरावला जात नाही. एका लहान समाजानं आपल्या अग्नीभोवती आखलेली ती रेघ आहे.

पण इथेही घाई करू नका. त्या रेघेच्या आतही घरच्या माणसांचे प्रश्न आहेत. जन्मानं पारशी नसलेल्या, पण जरथुष्ट्री धर्म स्वीकारलेल्या व्यक्तीचा या संस्थांवर हक्क आहे का, हा खटला १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात चालला आणि उत्तर 'नाही' असं आलं. परधर्मीयाशी लग्न केलेल्या पारशी स्त्रीचा प्रश्न अलीकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे एकच दार आपल्यासाठी पहिल्या प्रकारचं आणि दुसऱ्या कोणासाठी दुसऱ्या प्रकारचं असू शकतं. पाच मिनिटांच्या पाहुण्यानं त्यात निवाडा देऊ नये. पण 'किती गोड परंपरा' म्हणून हसून सोडूनही देऊ नये. बाहेर कोण उभं आहे, पाहुणा की घरचा, एवढं विचारायची सवय लावून घ्यावी.

निघण्यापूर्वी

प्रत्यक्ष जाणार असाल, तर थोडं व्यवहाराचं. सिनेगॉगसाठी सुरक्षेमुळे आधी परवानगी आणि ओळखपत्र लागतं. शनिवारी शब्बाथ, तेव्हा टाळा. शुक्रवारी दुपारी मशिदीत आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये गर्दी प्रार्थनेची असते, बघ्यांनी दुसरी वेळ निवडावी. मशिदीत कोणत्या भागात जाता येईल ते दारातच विचारा. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे, सोबत एक रुमाल किंवा ओढणी. चामड्याचा पट्टा त्या दिवशी घरीच ठेवा. फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि प्रार्थना करणाऱ्या माणसाचा तर विचारूनही नको.

आणि सहाव्या ठिकाणी, जिथे आत जाता येत नाही, तिथेही जाच. फुटपाथवर दोन मिनिटं उभे राहा. लोक चंदनाची काडी घेऊन आत जाताना दिसतील. आपल्याला न दाखवलेलंही काही कोणाला तरी पवित्र असतं, हे मान्य करायला ती दोन मिनिटं पुरतात.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.