वाघ बलवान की सिंह? : एका जुन्या वादाचा उलगडा

निवासी शाळेत काही वाद एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे वारशाने येतात. वाघ बलवान की सिंह, हा त्यांपैकीच एक. सायंवंदना आणि जेवण आटोपून अंथरुणे पडली की वसतिगृहात हा वाद हमखास पेटत असे. सिंहाचे पाठीराखे राजमुद्रेचा दाखला देत, वाघाचे पाठीराखे राष्ट्रीय प्राण्याचा. दिवे मालवले तरी निकाल लागत नसे. आज आमची मुलेही तोच प्रश्न विचारतात, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचा शांतपणे विचार करावा असे आम्हांस वाटले.

प्रथम दोन्ही पक्षांचे दाखले तपासू. सम्राट अशोकाच्या सारनाथ येथील स्तंभशीर्षावरील सिंह २६ जानेवारी १९५० रोजी भारताच्या राजमुद्रेवर आले. पूर्वी सिंह हाच आपला राष्ट्रीय प्राणीही होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी तो मान वाघाकडे गेला. म्हणजे दोन्ही दाखले खरे आहेत. मात्र राष्ट्राने दिलेला मान हा बळाचा पुरावा होऊ शकत नाही.

शरीराच्या मापांनी पाहावे, तर प्रौढ नर बंगाली वाघ साधारणतः १८० ते २५० किलो वजनाचा असतो. आफ्रिकेतील नर सिंह १५० ते २२५ किलोपर्यंत, तर गीरमधील सिंह १६० ते १९० किलोपर्यंत भरतो. वाघ लांबीला सरस, सिंह खांद्याशी किंचित उंच. कातडे आणि आयाळ दूर केली, तर दोघांचे सांगाडे इतके सारखे असतात की ते वेगळे ओळखण्यास जाणकाराची नजर लागते. वजनाचे पारडे वाघाकडे थोडे झुकते खरे. परंतु एवढ्याने निकाल लागत नाही.

खरा भेद जगण्याच्या रीतीत आहे. वाघ एकटा राहतो, एकटाच शिकार करतो. दाट झाडीत दबा धरून जवळ पोहोचणे आणि एका झेपेत काम उरकणे, ही त्याची पद्धत. त्याचे बरेच प्रयत्न फसतात. अशा प्राण्याला जखम परवडत नाही, कारण पंजा दुखावला तर त्याला आयते खाऊ घालणारे कोणी नसते. म्हणून झाडांवर नखांचे ओरखडे काढून आणि गंधाच्या खुणा सोडून तो आपली हद्द जाहीर करतो. शक्य असेल तोवर लढाई टाळणे, हे त्याच्या बळाचेच अंग आहे.

सिंह कळपात राहतो. शिकारीचा मोठा भार सिंहिणी उचलतात; नर बहुधा आपल्या भावंडांशी वा सोबत्यांशी युती करून कळपाचा प्रदेश राखतात. परक्या नरांनी कळप जिंकला, तर ते लहान छावे मारून टाकतात. त्यामुळे सिंहाला लढाई टाळून चालत नाही. मात्र जखमी झाल्यास इतरांनी केलेल्या शिकारीवर त्याचा निभाव लागू शकतो. वाघाचे बळ एकाकी आहे, सिंहाचे संघटित. ज्याने त्याने आपल्या रानाला साजेसे बळ कमावले आहे. दाट जंगल आणि उघडे माळरान यांना एकच माप लावता येत नाही.

मग प्रत्यक्ष झुंजीत काय घडले? रोमच्या आखाड्यात एका वाघिणीने सिंहाला फाडल्याचा उल्लेख मार्शल या रोमन कवीने केला आहे. वाघाचे पाठीराखे तो आनंदाने सांगतील. परंतु पिंजऱ्यातून काढून आरोळ्यांच्या गर्दीत सोडलेल्या, भेदरलेल्या, वय आणि प्रकृती अज्ञात असलेल्या दोन जनावरांवरून दोन जातींची पारख होत नाही. ती झुंज प्राण्यांनी मागितलेली नव्हती, ती प्रेक्षकांना हवी होती.

याच ठिकाणी आम्हांस वण्णारोह जातकाची आठवण होते. एका अरण्यात एक सिंह आणि एक वाघ मित्र म्हणून राहत. त्यांच्या उष्ट्यावर जगणाऱ्या कोल्ह्याला या दोघांचेच मांस खाण्याची इच्छा झाली. त्याने दोघांचे कान भरले : रूप, बांधा, जाती, बळ आणि पराक्रम यांत तू आपल्या बरोबरीचा नाहीस, असे तुझा मित्र म्हणतो. मित्रांनी एकमेकांना सरळ विचारले, खोटेपणा उघड झाला आणि कोल्हा पळाला. कोल्ह्याच्या त्या यादीत बळाच्या शेजारी ‘जाती’, म्हणजे जन्म, हेही माप आहे, हे विसरू नये. कोण श्रेष्ठ, हा प्रश्न नेहमीच निरागस नसतो. त्या भांडणात आपला घास शोधणारा कोणी आहे का, हेही पाहावे लागते.

बळाऐवजी चिवटपणाची कसोटी लावली, तर दोघांचीही कहाणी उदास करणारी आहे. बाली आणि जावा या बेटांवरील वाघ तसेच कॅस्पियन समुद्राकाठचा वाघ विसाव्या शतकात नामशेष झाले. एकेकाळी पश्चिम आशियापासून उत्तर भारतापर्यंत पसरलेला आशियाई सिंह आज नैसर्गिक अवस्थेत केवळ गुजरातेत, गीर व त्याच्या आसपास उरला आहे. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले. त्यामागे प्रामुख्याने कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर या रोगाचा विषाणू होता. त्याच रोगाने १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह मेले होते. ज्याला जंगलात कोणी शत्रू नाही, त्याला डोळ्यांना न दिसणारा विषाणू लोळवतो.

सावरले तेही मानवी प्रयत्नांमुळेच. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ अभयारण्यांत आपले मेळघाट होते. २००६ च्या गणनेत देशात अंदाजे १,४११ वाघ होते. २०२२ मध्ये हा अंदाज ३,६८२ पर्यंत गेला, त्यांत महाराष्ट्रातील ४४४. गीर परिसरातील सिंहांची संख्या २०२५ च्या गणनेत ८९१ भरली.

हे प्राणी का टिकावेत, याचे उत्तर व्यग्घ जातकात सापडते. वनात सिंह आणि वाघ शिकार करीत व तिचे अवशेष तेथेच टाकून जात. त्या दुर्गंधीला कंटाळून एका अविचारी वृक्षदेवतेने, शहाण्या शेजाऱ्याचे न ऐकता, दोघांना हाकलून लावले. मग माणसांना भय उरले नाही. कुऱ्हाडी आल्या, वन तुटले आणि त्या देवतेचे आश्रयस्थानही गेले. शिकारी प्राणी वन राखतात आणि वन त्यांना राखते, हे नाते बुद्धांच्या परंपरेने किती पूर्वी ओळखले होते!

तथापि, ही कथा सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत मोहफुले व तेंदूपाने वेचण्यास जाणारी माणसे वाघाच्या हल्ल्यात प्राण गमावतात. ही माणसे बहुधा गरीब, आपल्यासारख्या कष्टकरी घरांतील असतात. वाघ वाचल्याचा आनंद शहराने मानावा आणि त्याचे मोल रानालगतच्या झोपडीने द्यावे, हा न्याय नव्हे. करुणा वाघाला लागू होते, तशी त्या झोपडीलाही. वेळेवर व पुरेशी भरपाई, चुलीसाठी सरपणाला पर्याय, गावातच रोजगार यांची मागणी वनरक्षणाच्या मागणीइतक्याच जोराने झाली पाहिजे.

तेव्हा मुलांना उत्तर काय द्यावे? वजनात वाघ सरस, संघटनेत सिंह. आणि दोघांचेही आयुष्य आता माणसाच्या हाती. याहून अधिक खात्रीने कोणी काही सांगितल्यास पुरावा मागावा. आणखी एक गोष्टही जरूर सांगावी. अंगुत्तर निकायात सायंकाळी गुहेबाहेर येणाऱ्या सिंहाचे वर्णन आहे. तो चारी दिशा न्याहाळतो, तीनदा गर्जना करतो आणि मग भक्ष्यासाठी निघतो. वाटेवर आलेल्या लहान जीवांना आपल्यामुळे इजा होऊ नये, हे त्या गर्जनेचे कारण तेथे दिले आहे. वसतिगृहात मोठ्या वर्गातील मुलाने धाकट्याच्या अंथरुणाजवळून जाताना एवढे ध्यानात ठेवले, तरी हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालल्याचे सार्थक झाले, असे आम्ही मानू.